ब्लॉकला पावडर का नको: ‘जीपवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार जीपवाले,

माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन मुद्दे आहेत. पावडर कोटिंग (कोरडी पावडर मारून ओव्हनमध्ये वितळवून बसवलेला थर) रंगापेक्षा जाड आणि टणक असूनही मी लोकांना इंजिनच्या ब्लॉकला ब्रशने रंग मारायला सांगतो, हा पहिला. शिरोलीत तुमच्या शेडवर रोज ओतीव काम कोट होऊन बाहेर पडतं, मग इंजिनच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) काय सोनं लागलंय, हा दुसरा. आणि तिसरा असा, की तुमच्या एमएम ५४० जीपचा ब्लॉक तुम्ही कोट केलात, तीन पावसाळे गेले, कुठे पोपडा नाही. म्हणजे मी व्हिडिओ बघून लिहितो. या शेवटच्या शेऱ्यावर वाद घालत नाही, बाकीचं बोलू.

जाडीबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन बसतो, रंगाचा एक हात २०-३० च्या घरात. पाना निसटला तर रंगावर ओरखडा उठतो, पावडरवर बहुतेकदा नाही. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. पण ब्लॉकला पाना लागून कोणाचा रंग गेला? ब्लॉकचा रंग जातो तो खालून, चिकटलाच नाही म्हणून. आणि चिकटण्याच्या बाबतीत तुमचं ओतीव काम आणि तीस वर्षं चाललेला ब्लॉक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुमच्याकडे कास्टिंग येतं ते फाउंड्रीतून, शॉट ब्लास्ट (बारीक दाण्यांचा मारा) होऊन, तेलाचा थेंब न बघितलेलं. जुन्या ब्लॉकचं बीड वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं. डिझेलने धुवा, कॉस्टिकमध्ये बुडवा, वरून पांढरं स्वच्छ दिसतं. मग तो १८०-२०० अंशांच्या ओव्हनमध्ये जातो आणि बारीक छिद्रांतून तेल घामासारखं वर येतं, नेमकं पावडर वितळून थर धरत असताना. त्या जागी फोड येतो किंवा सुईच्या टोकाएवढं भोक राहतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेली हवाही हेच करते. उपाय आहे, तुम्हाला तो माहीतच आहे: क्युरिंगपेक्षा, म्हणजे पावडर पक्की करायच्या तापमानापेक्षा, वीसेक अंश जास्त तापवून माल आधी रिकामाच भाजायचा, पुन्हा पुसायचा, मग पावडर. पण हे एका गिऱ्हाइकाच्या एका ब्लॉकसाठी किती जण करतात? ओव्हनमध्ये तेलाचा धूर झाला की शेजारी टांगलेला दुसऱ्याचा मालही खराब. म्हणून ‘हो हो, करून देतो’ म्हणतात आणि थेट मारतात.

तुमचा ब्लॉक टिकला यात मला नवल वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की तो बोअरला (सिलिंडर कातून घ्यायला) गेला होता, म्हणजे प्लग, बुश, सील सगळं काढून नागडा झालेला. शिवाय शेड तुमची, माणसं तुमची. माझा वाचक रविवारी घराखाली इंजिन अर्धवट उघडून बसलेला असतो. त्याने क्रँकचं सील जागेवर ठेवून ब्लॉक ओव्हनला पाठवला, तर साधं नायट्राइल रबर त्या उष्णतेत कडक होऊन जातं. त्याला मी इंजिन इनॅमलच (इंजिनसाठीचा उष्णता सोसणारा रंग) सांगणार: घासायचं, थिनरने पुसायचं, पातळ दोन-तीन हात. पुढे कुठे उडालं तर तेवढंच घासून जागेवरच पुन्हा मारता येतं. पावडरला तशी डागडुजी नाही. भाग काढा, सगळं उतरवा, पुन्हा भट्टी.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने माझी बाजू घेत ‘पावडरमुळे इंजिन तापतं’ असं लिहिलंय. ही बाजू मला नको. ऐंशी मायक्रॉनचा थर उष्णता अडवतो तो नावापुरता. धातू आणि हवा यांच्यामधला अडथळा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात बहुतेक काम रेडिएटरच करतो. उलट उघडं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम किरणांवाटे फारच कमी उष्णता सोडतं, रंगवलेलं जास्त सोडतं. इंजिन तापत असेल तर थर्मोस्टॅट बघा.

टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण), एअर क्लीनरचा डबा, ब्रॅकेट यांना पावडरच चांगली, हे माझं मत तेव्हाही होतं. फक्त दोन ठिकाणी लोकांची फजिती होते.

पहिली टॅपेट कव्हरच्या आत. तेलाचे शिंतोडे अडवायला तिथे एक पत्रा बसवलेला असतो, बऱ्याचदा रिव्हेटने. ब्लास्टिंगचे दाणे त्या पत्र्यामागे जाऊन बसतात आणि हवा मारून सगळे निघत नाहीत. कव्हर वर्तमानपत्रावर उलटं धरून लाकडी ठोकळ्याने ठोकलं की टिक-टिक करत पडतात, धुतल्यानंतरसुद्धा. ते राहिले तर तेलाबरोबर आधी कॅमवर, मग खाली तेलाच्या चेंबरमध्ये, मग पंपात. पत्रा निघत असेल तर काढून पाठवा. निघत नसेल तर ब्लास्टिंग फक्त बाहेरून, आतली बाजू बंद करून. नाहीतर रंगच बरा.

दुसरी फजिती अल्टरनेटरच्या ब्रॅकेटची. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरला अर्थिंग मिळतं ते या ब्रॅकेटमधूनच. सगळीकडून कोट केला की बोल्टच्या आट्यांवरच भिस्त, आणि चार्जिंगचा दिवा मिणमिणायला लागतो. मग माणूस अल्टरनेटर उघडतो, कार्बन बदलतो, फरक शून्य. शिवाय बोल्टच्या डोक्याखालची पावडर गरम होऊन हळूहळू दबते आणि आवळलेला बोल्ट ढिला होतो. बसणाऱ्या जागा आणि आटे मास्क करायला, म्हणजे पावडर बसू नये म्हणून झाकायला सांगायचं, तेही कागदावर लिहून. तोंडी सांगितलेलं मास्किंग शेडपर्यंत पोचत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या भागाचं) तुम्ही जाता जाता विचारलंत. साधी पावडर तिथे जळते, साधा रंगही. सिलिकॉनवाला उष्णतारोधक रंग घ्यायचा, खाली नेहमीचा प्रायमर नको, आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवायचा.

आता माझा एक प्रश्न. कोटिंगआधी लोखंडी माल धुण्याची सात टाक्यांची लाइन बहुतेकांकडे असते, पण गरम कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं. तुमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळी टाकी आहे का, आणि एक-दोन नग घेता का? असेल तर इथे लिहा. कव्हर कुठे पाठवू, असं विचारणारे वाचक माझ्याकडे बरेच आहेत.