बाग गेली, तरी आण्णा कट्ट्यावर

अवकाळीनं काय केलं ते पुन्हा सांगत बसत नाही. तासगावच्या आण्णाची द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात सापडली, निम्मे घड कुजले, राहिलेल्यांवर डाऊनी रोग. आणि गडी संध्याकाळी सांगलीत आमच्या कट्ट्यावर हजर, वर हातात भडंगाची पुडी.

बबनला हे सहन होईना. बबन विमा विकतो, त्यामुळं जगात त्याला दोनच गोष्टी दिसतात, हप्ता आणि क्लेम.

"आण्णा, गळ्यात माळ आहे ना तुझ्या? 'योगक्षेमं वहाम्यहम्', भक्ताचं सगळं मी सांभाळतो, असं गीतेच्या नवव्या अध्यायात देवानं लिहून दिलंय. मग टाक की क्लेम!" स्वतःच्या विनोदावर तो एवढा हसला की निम्मा चहा शर्टावर.

"तुझ्यापेक्षा लवकर मिळंल. मागच्या गारपिटीचा पंचनामा तू अजून करतोयस."

"विषय बदलू नको. वचन पाळलं का नाही देवानं?"

मिरजेचे मास्तर तोवर गप्प होते. ख्रिस्ती माणूस, बोलणं मोजकं. "बबन, वचन आधी नीट वाचावं. बायबलात यशयाच्या 43 व्या अध्यायात देव सांगतो, तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. पाणी येणारच नाही, असं कुठं म्हणालाय तो?"

हे सांगलीकराला वेगळं समजवावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. निवारा केंद्रात मास्तर रात्री हाच अध्याय वाचायचे आणि पलीकडं म्हाताऱ्या हरिपाठ म्हणायच्या. माझी आई त्याच खोलीत होती. घर पाण्याखाली असताना ती तिथं शांत झोपली. तेव्हापासून या वचनांना कुणी पोकळ म्हटलं की मला ऐकवत नाही.

"बरोबर असेन म्हणे! आण्णानं सोसायटीचं कर्ज काय सोबतीनं फेडायचं?" बबन.

"हबक्कूक नावाचा संदेष्टा होता," मास्तर म्हणाले. "बाबेलचे खाल्डी लोक चालून येणार हे त्याला कळलं होतं. अंग कापतंय असं स्वतःच सांगतो. अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, सगळं मोजून झाल्यावर म्हणतो, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन."

आण्णा ताठ बसला. "द्राक्षं? बायबलात द्राक्षं हाईत?"

"आहेत. तिसरा अध्याय, 17 वी ओवी."

"मग आमच्या तुकोबांचं तेच की! दुष्काळात धंदा बुडला, बायको अन्न अन्न करत गेली, आन् हा माणूस म्हणतो, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें'."

"म्हणजे तुला दुःखच नाही झालं?"

"झालं की. रात्रभर रडलो. पहाटं हरिपाठ म्हटला आन् फवारणीला ट्रॅक्टर काढला. राहिलेलं घड हाईत न्हवं? देवानं आपल्याला टाकलंय असं ज्याला वाटतं, त्यो पहाटं उठत न्हाई, बबन."

यावर कुणी बोललं नाही. मला तर त्या क्षणी आण्णाचा हेवा वाटला. हा आनंद पेटीच्या भावावर टांगलेला नाही, म्हणून पाऊस त्याला धुऊन नेऊ शकला नाही.

बबन मात्र बबनच. "ते सगळं ठीक. पण योगक्षेम वाहतो म्हणजे नेमकं कोण वाहतो, हे सांगा ना कुणीतरी!"

"सांगतो की," आण्णा म्हणाला. "महापुरात तुझं घर बुडालं तवा म्हैनाभर कुणाच्या घरात ऱ्हायला होतास?"

"...तुझ्या."

"जेवायला कोण घालत हुतं?"

"वहिनी."

"आन् पाच किलोचा बेदाण्याचा डबा कुणी संपवला?"

मास्तरांना ठसका लागला. चहावाला किटली खाली ठेवून हसायला लागला.

"ते बेदाणे आंबट होते," बबन म्हणाला, आणि भडंगाची पुडी स्वतःकडं ओढली.