‘पैसे हाती आले नाहीत, तर अपघाताचा दावा दाखवायचा कशाला?’

अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आलेल्या माणसाला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो, आणि संदेशांतूनही तो सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: अपघातातील दुखापतीची भरपाई ही तुमची खासगी बाब आहे, पैसे हाती येईपर्यंत ती मालमत्ता ठरत नाही, म्हणून अर्जात तिचा उल्लेख करू नका, केलात तर ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोरीचे प्रकरण सांभाळण्यासाठी नेमलेला माणूस, सगळी रक्कम घेऊन जाईल, आणि नाही केलात तर कोणाला कळणार आहे? सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही. मात्र यांतले एकही विधान कायद्यापुढे टिकत नाही, आणि त्यावर विसंबणारा माणूस आधीच जखमी आणि कर्जबाजारी असतो. त्याचे उरलेसुरलेही जाऊ नये, म्हणून हा प्रतिवाद.

खासगी बाब आणि ‘अजून मालमत्ता नाही’ या दोन्ही मुद्द्यांचे उत्तर एकच आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५४१ नुसार अर्ज दाखल होतो त्या क्षणी कर्जदाराचे जे जे हक्क अस्तित्वात असतात, ते सारे दिवाळखोरीच्या इस्टेटीत, म्हणजे धनकोंची देणी भागवण्यासाठीच्या मालमत्तेत, जमा होतात, आणि दुसऱ्यावर खटला भरण्याचा हक्क त्यांत येतो. अपघात अर्जापूर्वी झालेला असेल, तर खटला अजून दाखल झालेला नाही, वकील नेमलेला नाही किंवा विमा कंपनीने एक डॉलरही देऊ केलेला नाही, यांपैकी कशानेही फरक पडत नाही. मालमत्तेची यादी ज्या फॉर्मवर द्यायची त्या शेड्यूल ए/बीमध्ये ३३ वा प्रश्न नेमका हाच आहे: तिसऱ्या पक्षाविरुद्धचे दावे, मग खटला भरलेला असो वा नसो, आणि उदाहरणांत पहिलाच शब्द अपघात हा आहे. रक्कम ठरलेली नसेल, तर ती अज्ञात असल्याचे लिहिता येते. रकाना रिकामा सोडता येत नाही. ही माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञेवर सांगावे लागते, आणि धनकोंच्या बैठकीत ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारू शकतो.

अर्जानंतर झालेल्या अपघाताचे काय, हा प्रश्न वेगळा आहे. चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रकारात, असा दावा सामान्यतः कर्जदाराचाच राहतो. चॅप्टर १३ मध्ये मात्र परतफेडीची योजना तीन ते पाच वर्षे चालते, आणि कलम १३०६ नुसार प्रकरण चालू असताना मिळवलेली मालमत्ताही इस्टेटीत येते. म्हणून योजनेच्या मधल्या काळात अपघात झाला, तर तो आपल्या दिवाळखोरीच्या वकिलाला ताबडतोब कळवावा.

‘ट्रस्टी सगळे घेऊन जाईल’ ही भीती मला सर्वांत समजण्यासारखी वाटते, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. चॅप्टर ७ मध्ये अर्जापूर्वीचा दावा चालवण्याचा आणि त्यात तडजोड करण्याचा अधिकार ट्रस्टीकडे जातो, तडजोडीला न्यायालयाची मंजुरी लागते, आणि अपघाताचा खटला चालवणाऱ्या वकिलाची इस्टेटीतर्फे नेमणूकही न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावी लागते. पण अधिकार जाणे म्हणजे सगळी रक्कम जाणे नव्हे. कर्जदाराकडेच राहणाऱ्या मालमत्तेच्या कलम ५२२ खालील संघीय यादीत शारीरिक दुखापतीच्या भरपाईसाठी, १ एप्रिल २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना, ३१,५७५ डॉलरपर्यंत सूट आहे. वेदना आणि प्रत्यक्ष आर्थिक नुकसान यांची भरपाई या सुटीत धरली जात नाही. मात्र भविष्यातील कमाई बुडाल्याच्या भरपाईला, कर्जदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या निर्वाहापुरती, वेगळी सूट आहे. ही संघीय यादी सर्व राज्यांत वापरता येत नाही. न्यू जर्सीत ती निवडता येते, तर कॅलिफोर्नियाने स्वतःच्या दोन याद्या ठेवल्या आहेत आणि त्यांतलीच एक घ्यावी लागते.

समजा, ९०,००० डॉलरवर तडजोड झाली. वकिलाचे एक तृतीयांश, म्हणजे ३०,००० डॉलर, आणि रुग्णालयाच्या बोज्याचे १०,००० गेले, तर ५०,००० उरतात. पूर्ण सूट लागू झाली, तर त्यांतले ३१,५७५ कर्जदाराचे, आणि ट्रस्टीचा मोबदला व धनको यांच्यासाठी १८,४२५ राहतात. सारे देणे त्याहून कमी असेल, तर शिल्लकही कर्जदाराकडेच परत येते. पण सूट मागायची, तर शेड्यूल सीमध्ये तो दावा लिहावा लागतो, आणि जो दावा मालमत्तेच्या यादीतच नाही त्यावर सूट मागणार कशी? दडवून ठेवण्याच्या सल्ल्यातला खरा तोटा इथे आहे.

आता ‘कोणाला कळणार?’ दिवाळखोरीच्या प्रकरणांची कागदपत्रे पेसर या संगणकीय प्रणालीवर कोणालाही पाहता येतात, आणि खटल्यातील प्रतिवादी किंवा त्याच्या विमा कंपनीचा वकील ती पाहतोच, कारण तिथे त्याच्या हाती फुकटचा बचाव लागतो. एका न्यायालयात ‘माझा कोणावरही दावा नाही’ असे सांगून कर्जमाफी मिळवायची आणि दुसऱ्या न्यायालयात तोच दावा मांडायचा, ही विसंगती न्यायालये ज्युडिशियल इस्टॉपेल या तत्त्वाखाली रोखतात. चूक निष्पाप होती का, हे तपासण्यात सारी न्यायालये सारखीच उदार नाहीत, त्यामुळे ‘लक्षात राहिले नाही’ एवढ्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय न दाखवलेली मालमत्ता प्रकरण बंद झाल्यावर आपोआप कर्जदाराकडे परत येत नाही; ती इस्टेटीचीच राहते, आणि प्रकरण पुन्हा उघडून ट्रस्टी तो दावा चालवू शकतो. जाणूनबुजून लपवल्याचे सिद्ध झाले, तर डिस्चार्ज, म्हणजे मिळालेली कर्जमाफी, रद्द होऊ शकतो, आणि संघीय फौजदारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

अर्ज केला की अपघाताचा खटलाही थांबतो, असेही या सल्ल्याला जोडून सांगितले जाते. कलम ३६२ ची स्थगिती कर्जदाराविरुद्धच्या कारवायांना आहे. त्याने दुसऱ्यावर केलेला दावा तिने थांबत नाही. अर्जाच्या दिवशी खटला भरण्याची मुदत संपलेली नसेल, तर कलम १०८ नुसार ट्रस्टीला तो दाखल करण्यासाठी किमान दोन वर्षे मिळतात.

ज्यांनी हा सल्ला ऐकून अर्ज आधीच भरला आहे, त्यांच्यासाठी वाट बंद झालेली नाही. प्रकरण चालू असेपर्यंत शेड्यूलमध्ये दुरुस्ती करता येते, आणि बंद झाले असेल तर ते पुन्हा उघडण्याची विनंती करता येते. ही दुरुस्ती प्रतिपक्षाच्या वकिलाने बोट दाखवण्यापूर्वी झाली पाहिजे, कारण स्वतःहून केलेली आणि पकडले गेल्यावर केलेली दुरुस्ती न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाहीत. त्यासाठी अपघाताचा वकील आणि दिवाळखोरीचा वकील या दोघांनाही एकमेकांच्या प्रकरणाची माहिती आजच द्यावी, आणि तोवर तडजोडीच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.