कर भरायला आम्ही, मत द्यायला बाकीचे

शाळेची लेव्ही, म्हणजे शाळेसाठी घरांवर जादा कर लावायचा प्रस्ताव, मतदानात परत पडली. अभिनंदन! स्कूल डिस्ट्रिक्टची ईमेलही लगोलग आली: ऑगस्टपासून हायस्कूलची बस बंद, खेळांची फी वाढणार, ऑर्केस्ट्राला एक शिक्षक कमी. आता सकाळी सातच्या आत मुलांना शाळेत पोचवणार कोण? आम्ही दोघंही नोकरीला.

ओहायोत राहायचं म्हणजे हा तमाशा बघायचाच. शाळा चालवायचीय? लोकांपुढे झोळी पसरा. ५ मिलची लेव्ही म्हणजे तीन लाख डॉलरच्या घराची करासाठी ३५ टक्के किंमत धरायची, १,०५,०००, आणि त्यावर हजारी ५ डॉलर. वर्षाला ५२५. वर 'घरांच्या किमती केवढ्या वाढल्यात, शाळांना मिळतोच की पैसा' असं छातीठोक सांगणारे भेटतात, ते तर डोक्यातच जातात. नाही हो मिळत! १९७६चा 'हाऊस बिल ९२०' नावाचा राज्याचा कायदा आहे ना. किंमत वाढली की मतदानाने मंजूर झालेल्या लेव्हीचा दर खाली येतो आणि शाळेच्या हातात जवळपास तेवढेच डॉलर पडतात. दर २० मिलच्या खाली जात नाही, म्हणून त्या तळाला टेकलेली डिस्ट्रिक्ट्स तेवढी सुटायची. पगार, डिझेल, विमा कुणासाठी थांबतात? मग दोन-चार वर्षांनी ये रे माझ्या मागल्या.

समोरच्या आजोबांनी हिरवळीवर विरोधाची पाटी रोवली होती. ठरावीक पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने आणखी पाचशे डॉलर आणायचे कुठून? त्यांच्यावर नाही राग. राग आहे राज्याच्या राजधानीत, कोलंबसमध्ये बसलेल्यांवर. १९९७ला डीरॉल्फ खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शाळांना पैसा पुरवायची ही पद्धत घटनाबाह्य आहे. २०००मध्ये परत सांगितलं, २००२मध्ये परत. शेवटी कोर्टानेच अंग काढून घेतलं. फॉर्म्युले बदलले, लेव्हीचं घोंगडं भिजतंच आहे.

आणि आम्ही एच-वन-बी व्हिसावाले! घर आमचं, कर आमचा, मुलं आमची, मत मात्र शून्य. ग्रीन कार्ड मिळालं तरी शून्यच, आणि त्या रांगेतला नंबर लागेस्तोवर मुलं शाळा संपवून मोकळी होतील. पुण्याच्या फ्लॅटच्या बिलात शिक्षण कर न विचारता लावतात म्हणून मी कुरकुरायचो. निदान तिथे कुणालाच विचारत नाहीत!

काउंटीचं सहामाही बिल बरं वेळेवर येतं. ते भरायला उशीर झाला की दंड. तिथे कुणी व्हिसा विचारत नाही.