तीन कॅप्सूल सकाळीच एकदम? आत्याला आलेल्या मेसेजबद्दल

काल साखर पेठेत आत्याकडे गेलो होतो. तिला न्यूमोनिया झालाय, डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन 500 दिवसातून तीनदा लिहून दिलंय. पट्टी बघितली तर सकाळीच तीन खोबण्या रिकाम्या! का, तर ग्रुपवर मेसेज आला: 'अँटिबायोटिक तीनदा घ्यायला लावणं ही कंपन्यांची चाल आहे. दिवसाचा डोस सकाळीच एकदम घ्या. जंतू झटक्यात मरतात, किडनीला आराम मिळतो.'

'झटक्यात मरतात' हे यातलं सगळ्यात घातक. अमॉक्सिसिलिन जंतूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही. जंतू वाढत असताना हे काम तासन् तास चालू राहावं लागतं. एका मर्यादेपुढे रक्तातलं औषध वाढवलं म्हणून जंतू जास्त वेगाने मरत नाहीत. औषध पुरेशा पातळीवर किती वेळ टिकलं, यावर सगळं अवलंबून.

आता हिशोब बघा. हे औषध रक्तात साधारण तासाभरात निम्मं होतं. समजा एक कॅप्सूल चार तास पुरते. तीनदा घेतली तर दिवसाचे बारा तास झाले. तिन्ही एकदम घेतल्या तर बारा नाही, जेमतेम साडेपाच! कारण तिप्पट औषधाने वेळ फक्त दीड तासाच्या आसपास वाढतो. उरलेले साडेअठरा तास न्यूमोकोकसला, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या नेहमीच्या जंतूला, मोकळं रान.

अँटिबायोटिकचे अमेरिकन संशोधक विल्यम क्रेग यांनी 1998 साली न्यूमोकोकसची लागण केलेल्या प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले होते. औषध 20 टक्के किंवा कमी वेळ पुरेशा पातळीवर राहिलं, तिथे जवळजवळ सगळे प्राणी मेले. 40-50 टक्के वेळ राहिलं, तिथे बहुतेक वाचले. साडेपाच तास म्हणजे दिवसाचे 23 टक्के. यापुढे मी काय सांगू?

किडनीचं म्हणाल तर हे औषध बहुतांशी लघवीवाटेच जातं. एकदम घेतल्याने किडनीचं काम कमी होत नाही, तिन्हींचा भार एकदम पडतो. आणि कंपन्यांची चाल कसली? कॅप्सूल दोन्हीकडे तीनच लागतात.

एक मान्य करतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक दिवसातून एकदाच देतात, पण ते शरीरात दिवसेंदिवस टिकतं म्हणून. त्याचा नियम अमॉक्सिसिलिनला लावायचा नाही.

आत्याच्या डॉक्टरांना लगेच फोन करून झालेला प्रकार सांगितला. त्यांनी वेळा सांगितल्या, त्या मी पट्टीवर पेनाने लिहिल्या: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाका. आजच.