बधिर आहे ना, मग दुखेल कसं?

आज सकाळी माझ्या योगवर्गाला ‘संगीत खुर्ची’ असं नाव पडलं. ठेवणारे गृहस्थ पत्नीला सोडायला आले होते आणि वर्गातली एकुलती एक न डगमगणारी, बिनहाताची खुर्ची पटकावून बसले होते.

“वज्रासन घेत नाही तुम्ही?”

“गुडघे बदललेल्यांना नाही.”

“अहो, नवे बसवलेत ना? मग तर जास्त वाकायला हवेत!”

मी समजावलं. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, मध्ये टणक प्लॅस्टिक. हा गुडघा ११०-१२० अंश वाकला तरी आम्ही पेढे वाटतो. टाचांवर बसायला १५० च्या आसपास लागतात.

“मग कमी वाकणारा माल घेतलाच कशाला?”

काकूंनी डोळे मिटले. प्राणायाम अजून सुरू झाला नव्हता.

“शिवाय गुडघ्यावर टेकलं की व्रणावर भार येतो, बाजूची कातडी बधिर असते...”

“बधिर आहे ना? मग दुखेल कसं?”

यावर पतंजलींकडेही उत्तर नसावं. मी वृक्षासनाकडे वळले. एक हात भिंतीला, पाऊल दुसऱ्या पायाच्या घोट्याशी, गुडघ्यावर कधीच नाही. उभ्या पायाचा गुडघा मागे ढकलून ‘कुलूप’ लावायचं नाही. वळायचं तर पाऊल उचलून, कारण पाऊल रोवून कंबर फिरवली की पीळ थेट गुडघ्यात उतरतो.

वाकण्याचंच सगळ्यांना कौतुक. पण जो गुडघा पूर्ण सरळ होत नाही, तो जन्मभर लंगडवतो. म्हणून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळायची, गुडघा खाली दाबून ५ सेकंद. आणि मग घरी जाऊन मंडळी त्याच गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन रात्रभर झोपतात! शवासनात तिथे लोड सरकवणारे प्रेमळ शिक्षकही त्यातलेच. पहिले काही महिने तरी नको हो.

शेवटी खुर्चीतून उठणं, हात न लावता, ८-१० वेळा. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, धड पुढे, मग उठायचं. त्यासाठी बैठक गुडघ्यांपेक्षा किंचित उंच हवी, खुर्ची भिंतीला टेकलेली हवी आणि मुळात ती डगमगती नको. काकूंच्या वाट्याला आलेली बुटकीही होती आणि डुगडुगतही होती. घडीचं ब्लँकेट घालून उंची साधली. डुगडुग थांबवायला मी तासभर मागून खुर्चीची पाठ धरून उभी. चांगली खुर्ची मागायची भीड मला का पडावी, देव जाणे.

जाताना गृहस्थ म्हणाले, “उद्या या खुर्चीवर उशी ठेवा. फार टणक आहे.”