मिडब्रेन बंद असता तर लेकरू उठलंच नसतं

परभणीहून धाकट्या बहिणीनं फॉरवर्ड पाठवला: ‘शरीराची जाणीव मेंदूपर्यंत पोचवा, मिडब्रेन उघडेल. दोन दिवसांत मूल डोळे बांधून वाचेल, अभ्यास एकदा वाचला की पाठ.’ खाली तिची ओळ: ‘दादा, क्लासचे बारा हजार भरले. लेकरू खरंच वाचायलंय!’

रविवारी गेलोच. पट्टी बांधून भाच्यानं पेपरचा मथळा घडाघडा वाचला. हनुवटी तेवढी जरा वर. नाकाच्या दोन्ही अंगांना पट्टीखाली फट राहते, तिच्यातून मांडीवरचा कागद स्वच्छ दिसतो. स्वतः बांधून बघा. तोच पेपर मी उचलून त्याच्या कपाळासमोर धरला. लेकरू गप्प. पट्टी सोडली तर डोळ्यांत पाणी. माझं डोकं फिरतं ते इथं. नऊ वर्षांच्या पोराला चोरून बघायला शिकवायचं, त्याला शक्ती म्हणायचं, वर आईबापांकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या. आपण फटीतून बघतो हे त्याला पक्कं माहीत होतं. पण बारा हजार भरलेल्या आईला ते सांगणार कसं?

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, मेंदूच्या देठाचा जेमतेम २ सेंटिमीटरचा वरचा तुकडा. डोळे फिरवणं, उजेडात बाहुली बारीक करणं ही त्याची कामं. जागं राहायलाही तो लागतो. तो ‘बंद’ असता तर पोरगं बेशुद्ध पडलं असतं, क्लासला कुठलं जातंय!

क्लासवाल्यांच्या ‘माणूस १० टक्केच मेंदू वापरतो’ यावर काय बोलायचं? वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव शरीराची २० टक्के ऊर्जा खातो, ती काय रिकामा बसून? उजवा हात डाव्या गुडघ्याला लावला की मेंदूचे दोन भाग जोडले जातात म्हणे. ते जोडलेलेच असतात, जवळपास २० कोटी तंतूंनी. व्यायाम म्हणून करा, खुशाल.

एक मात्र मान्य करावं लागतं. मेंदूत शरीराचा नकाशा असतो आणि सरावानं तो बदलतो. १९९५ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची जागा इतरांपेक्षा मोठी दिसली, लहानपणी सुरुवात केलेल्यांची तर जास्तच. पण तो वर्षानुवर्षांचा रियाज, आणि वाढली ती बोटांची जागा. दोन दिवसांत एकपाठी होण्याचा त्यात संबंध कुठं आला?

बहिणीनं पैसे परत मागितले. क्लासवाले म्हणाले, समोर शंका घेणारा माणूस असला की लहरी तुटतात. त्यासाठी दुसरी लेव्हल आहे, आठ हजार.