‘लाकोनिया’ आणि हार्टेनस्टाईन: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ‘यू-156’ या जर्मन पाणबुडीच्या अटलांटिकमधल्या गस्तीवर लेख लिहिताना मी तिच्या नाझी कप्तानाला, हार्टेनस्टाईनला, देवमाणूस ठरवलं, असं तुमचं म्हणणं आहे. पाण्यात जर्मनीचे दोस्त इटालियन होते म्हणूनच त्याने माणसं वाचवली, असंही तुम्ही लिहिलंत. या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तोच आधी घेतो.

12 सप्टेंबर 1942च्या रात्री, पश्चिम आफ्रिकेपासून दूर, हार्टेनस्टाईनने ‘लाकोनिया’ हे ब्रिटिश जहाज टॉर्पेडोने फोडलं. त्यावर सुमारे 1,800 इटालियन युद्धकैदी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. अंधारातून इटालियन हाका ऐकू आल्यावर तो थांबला, हे खरंच. पण मग ब्रिटिश बायका-मुलांनाही त्याने आत का घेतलं? जर्मन मुख्यालयाला त्याने कळवलं होतंच. दोस्तांपुरतंच पाहायचं असतं तर तेवढं पुरे होतं. तरीही 13 तारखेला त्याने उघड इंग्रजीत, स्वतःच्या ठिकाणासकट, संदेश पाठवला: माझ्यावर हल्ला झाला नाही, तर मदतीला येणाऱ्या जहाजावर मी हल्ला करणार नाही, 193 माणसं मी उचलली आहेत. पन्नासेक खलाशांच्या पाणबुडीत 193! आणि आपण कुठे आहोत हे शत्रूला न कळणं, हेच तर पाणबुडीचं सर्वांत मोठं संरक्षण. तेच त्याने सोडून दिलं.

आता देवमाणसाबद्दल. 16 तारखेला पाणबुडीवर रेड क्रॉसचा मोठा झेंडा पसरलेला असतानाही असेन्शन बेटावरून आलेल्या अमेरिकन लिबरेटर विमानाने बॉम्ब टाकले. पाणबुडी दोराने ओढत असलेल्या, वाचलेल्या माणसांच्या होड्यांच्या आसपासही ते पडले. हार्टेनस्टाईनने दोर सोडले, वाचवलेल्या माणसांना समुद्रात उतरायला लावलं आणि बुडी मारली. तीनच दिवसांनी, 19 तारखेला, त्याने ‘क्वेबेक सिटी’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. हे सगळं मूळ लेखात आहे. त्याला देव्हाऱ्यात बसवायचं असतं तर मी ते लिहिलंच नसतं.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच युक्तिवादाचा. 17 सप्टेंबरला जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डॉनिट्झ याने बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांना वाचवण्याचे सर्व प्रयत्न बंद करण्याचा हुकूम काढला. तो अमेरिकन बॉम्बहल्ल्यामुळेच निघाला, त्याआधी जर्मन पाणबुड्या मोठ्या दिलदार होत्या, असं अनेक जण सांगतात. साफ चूक! कुणालाही वाचवू नका, हे त्याच डॉनिट्झने 1939च्या अखेरीस लेखी बजावलं होतं. म्हणजे हार्टेनस्टाईन वागला तो नाझी आरमाराच्या रीतीच्या विरुद्ध. त्याची नोंद ठेवल्याने नाझी राजवट उजळून निघत नाही, उलट त्या हुकुमाचा निर्दयपणा अधिक उघडा पडतो.

‘लाकोनिया’वरचे सुमारे 1,600 लोक मेले. बरेच इटालियन कैदी तर कुलूपबंद तळघरातच बुडाले, आणि ती कुलपं जर्मनांनी लावलेली नव्हती. म्हणून लेख आहे तसाच ठेवतो आहे.